‘प्रेझेंटली’ : एका क्रियाविशेषणाचे कालांतर

गेल्या सत्रात भाषांतराच्या वर्गात शेक्सपिअरच्या ‘द टेम्पेस्ट’ या नाटकाच्या चौथ्या अंकातील काही भाग आम्ही घेतला होता. केंद्रीय विद्यापीठातला वर्ग म्हटला की त्यात पाचसहा भाषा सहज नांदत असतात. या वर्गात मराठीच्या दोन विद्यार्थिनी होत्या, बाकीचे हिंदी, तेलुगू आणि ओडियाचे होते. प्रसंग वाचकांच्या परिचयाचा आहे. फर्डिनंड आणि मिरांडा या तरुण जोडप्यापुढे मायेचा एक देखावा उभा करावयाचा म्हणून प्रॉस्पेरो एरिअलला हाताखालच्या भूतगणांना घेऊन येण्याची आज्ञा करतो. त्यावर एरिअल एकाच शब्दात विचारतो, ‘प्रेझेंटली?’ आणि धनी सांगतो की होय, डोळ्याचे पाते लवते न लवते तोच. वर्गातून आलेल्या सर्व भाषांतरांत एरिअलचा हा प्रश्न ‘लवकरच?’ असा, किंवा त्या त्या भाषेत या शब्दाला जो पर्याय असेल तसा, उतरला होता.

चूक लहान आहे, परंतु तिच्यामुळे एरिअल बदलतो. ‘लवकरच?’ असे विचारणारा चाकर थोडी सवड मागत असतो आणि धनी त्याला ती नाकारीत असतो. मूळ संवादात तसे काही नाही. एरिअल विचारतो आहे ते ‘या क्षणी?’ असे; त्याच्या स्वरात तत्परता आहे, आणि प्रॉस्पेरोचा होकार हा खराखुरा होकार आहे. आपल्या मुक्ततेची वाट पाहणारा हा सेवक कोणत्या मनाने काम करतो, हा त्या नाटकातला एक मोठा प्रश्न आहे. त्याचे उत्तर वाचक ज्या लहानसहान खुणांवरून बांधतो त्यांपैकी एक खूण आमच्या वर्गाने पुसून टाकली होती.

मी विद्यार्थ्यांना दोष देऊ शकले नाही. त्यांनी कोश पाहिला होता. आजच्या कोशात या शब्दाचे दोन अर्थ सापडतात, ‘थोड्याच वेळात’ आणि ‘सध्या’. दुसरा येथे बसत नाही, तेव्हा पहिला घ्यावयाचा, हा त्यांचा तर्क निर्दोष होता. फक्त ज्या काळातला शब्द होता त्या काळातला कोश त्यांच्या हाती नव्हता, आणि तो असावयास हवा असे त्यांना आम्ही अध्यापकांनी कधी सांगितलेले नव्हते.

कालिदास शिकवताना आपण मल्लिनाथाला शेजारी बसवतो. ज्ञानेश्वरी वाचताना शब्दार्थांची सूची लागते याची मराठी वाचकाला लाज वाटत नाही. सातशे वर्षांपूर्वीची मराठी ही आजची मराठी नव्हे, हे तो गृहीत धरतो. इंग्रजीच्या बाबतीत मात्र आपली समजूत निराळी असल्यासारखे आपण वागतो. शेक्सपिअरची इंग्रजी अवघड आहे असे आपण म्हणतो खरे, परंतु त्या अवघडपणाचा अर्थ आपल्या लेखी ‘अपरिचित शब्दांची संख्या अधिक’ एवढाच असतो. अपरिचित शब्द तर निरुपद्रवी असतात. ते स्वतःच ओरडून सांगतात की आम्हांला उलगडा. घात करतात ते ओळखीचे शब्द, आणि त्यांतही क्रियाविशेषणे, कारण त्यांच्याकडे कोणी पाहतच नाही.

‘प्रेझेंटली’चे मूळ लॅटिनमधील ‘प्रेसेन्स’ या रूपात आहे. पुढ्यात असलेला, समक्ष असलेला, असा त्याचा अर्थ. फ्रेंचमधून ते विशेषण इंग्रजीत आले आणि त्याला क्रियाविशेषणाचा प्रत्यय लागला. पंधराव्या शतकात हा शब्द इंग्रजीत रुळलेला दिसतो आणि जवळजवळ आरंभापासूनच तो दोन दिशांना पाहतो. जे समक्ष आहे ते चालू काळातले आहे, म्हणून ‘सध्या’. आणि जे समक्ष घडते ते येथल्या येथे, मध्ये वेळ न जाता घडते, म्हणून ‘तत्क्षणी’. ‘थोड्या वेळाने’ हा अर्थ या शब्दाच्या पोटात मुळात नव्हता. तो सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हळूहळू शिरला, सतराव्यात स्थिरावला आणि पुढे घरधनी होऊन बसला. जेन ऑस्टिन किंवा डिकन्स यांच्या कादंबऱ्यांत हा शब्द भेटतो तेव्हा सामान्यतः ‘थोड्याच वेळाने’ असेच समजावयाचे असते. डॉ. जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात ‘सध्या’ हा अर्थ पहिला आहे, आणि दुसऱ्या अर्थात ‘तत्काळ’ व ‘थोड्या वेळाने’ यांना त्याने एकाच ओळीत बसवले आहे. कोशकाराने दोन भावंडांना एका अंथरुणावर निजवावे तसे ते दिसते.

भारतीय भाषांच्या अभ्यासकाला या इतिहासात परके वाटावे असे काही नाही. संस्कृत ‘सद्यः’ म्हणजे त्याच दिवशी, त्याच क्षणी. त्याच्याशी नाते सांगणारा मराठी ‘सध्या’ हा शब्द मात्र चालू काळ दाखवतो. त्यात घाई उरलेली नाही. ‘तूर्त’ हा शब्द त्याहून बोलका आहे. त्वरेचा धातू त्याच्या मुळाशी आहे. हिंदीत ‘तुरंत’ म्हणजे ताबडतोब. मराठीत ‘तूर्त’ म्हणजे सध्यापुरते, आणि ‘तूर्त राहू द्या’ म्हणणारा माणूस तर काम पुढे ढकलीत असतो. एकाच कुळातल्या दोन शब्दांपैकी एक हिंदीच्या घरी धावतो आहे आणि दुसरा मराठीच्या घरी बसून आहे. हिंदीतून मराठीत येणाऱ्या आणि मराठीतून हिंदीत जाणाऱ्या भाषांतरांत या जोडीने किती अपघात केले असतील याचा अंदाज वाचकांनीच करावा.

तेव्हा ‘प्रेझेंटली’ ही इंग्रजीची एखादी लहर नव्हे. इंग्रजीतच त्याची भावंडे कितीतरी आहेत. आजचा ‘सून’ जुन्या इंग्रजीत ‘सोना’ होता आणि त्याचा अर्थ ‘लगेच’ असा होता. ‘अनॉन’ हे मुळात ‘एकात’ अशा अर्थाचे दोन शब्द. एका झटक्यात, तत्काळ. पुढे तोही ‘थोड्या वेळात’वर घसरला आणि अखेर पुस्तकी झाला. मग ‘तत्काळ’साठी इंग्रजीने पुन्हा एकदा ‘एक’ हाच शब्द घेऊन ‘ॲट वन्स’ घडवला. (फारसीमार्गे आलेला आपला ‘एकदम’ म्हणजे एका श्वासात, तो आता बऱ्याच वेळा ‘अगदी’ एवढेच सांगतो. ‘एकदम छान’मध्ये श्वासही नाही आणि वेळही नाही.) ‘बाय अँड बाय’ हा वाक्प्रयोग सोळाव्या शतकात ‘ताबडतोब’ अशा अर्थाने चालत असे, आज तो ‘कधीतरी, यथावकाश’ असे सांगतो. इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात ‘डिरेक्टली’चे बोलीतले रूप ‘केव्हातरी, घाई नाही’ या अर्थाने प्रसिद्ध आहे. दक्षिण आफ्रिकेतील इंग्रजीत ‘जस्ट नाऊ’ असे आश्वासन मिळाले तर पाहुण्याने खुर्ची शोधावी. फ्रेंचमध्ये मोलिएरच्या काळी ‘तु-ता-लर’ म्हणजे ‘या क्षणी’ होते. आज ते ‘थोड्या वेळाने’ किंवा ‘थोड्या वेळापूर्वी’ झाले आहे.

या सर्वांचे एक सोपे स्पष्टीकरण नेहमी दिले जाते, की माणूस आळशी आहे. तो ‘आत्ता करतो’ म्हणतो आणि उशिरा करतो, म्हणून शब्दही उशीर करू लागतो. हे स्पष्टीकरण खोटे नाही. शेक्सपिअरच्याच दोन प्रसंगांत ते डोळ्यांसमोर घडताना दिसते. ‘चौथा हेन्री’ नाटकाच्या पहिल्या भागात ईस्टचीपच्या खानावळीत फ्रान्सिस नावाचा पोऱ्या आहे. राजपुत्र त्याला बोलण्यात गुंतवून ठेवतो, शेजारच्या खोलीतून राजपुत्राचा मित्र हाका मारीत राहतो, आणि फ्रान्सिस दर हाकेला ‘अनॉन, अनॉन’ असे ओरडत जागेवरच उभा राहतो. शेवटी दोन्हीकडून एकदम हाका आल्या की त्याला कोठे जावे ते कळत नाही. आपल्याकडच्या कोणत्याही उपाहारगृहातला ‘आलोच, साहेब’ हा पुकारा ज्याने ऐकला आहे त्याला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. दुसरा प्रसंग ज्युलिएटच्या सज्जातला. खाली रोमिओ, आत दाई. दाईच्या हाकांना ती ‘अनॉन’ म्हणते, ‘बाय अँड बाय’ म्हणते, आणि निघत नाही. मराठी घरातली मुलगी तेथे ‘आले हं’ म्हणाली असती.

पण आळस सगळे सांगत नाही. आळस हेच कारण असते तर ‘तत्काळ’ अर्थाचा प्रत्येक शब्द सारख्याच वेगाने ढिला व्हावयास हवा होता. ‘इमीजिएटली’ हा शब्दही इंग्रजीत जुनाच आहे, शतकानुशतके चाकरांनी तो उच्चारला आहे, आणि तरी तो बराच ताठ राहिला. गुस्ताफ स्टर्न या स्वीडिश अभ्यासकाने १९३१ साली शब्दार्थपरिवर्तनावरील आपल्या ग्रंथात याच्या शेजारचा एक प्रश्न तपासला होता. इंग्रजीतील ज्या क्रियाविशेषणांना १३०० च्या आधी ‘वेगाने’ हा अर्थ लाभला, त्यांना ‘तत्काळ’ हाही अर्थ चिकटला. १४०० नंतर ‘वेगाने’ हा अर्थ घेतलेल्या शब्दांच्या बाबतीत मात्र तसे घडले नाही. मानवी स्वभाव तर १४०० च्या आधी आणि नंतर सारखाच असणार. म्हणजे स्वभावाखेरीज काळ आणि वापराची ठिकाणे यांचाही हिशेब करावा लागतो.

माझ्या मते ‘प्रेझेंटली’च्या बाबतीत आश्वासनाइतकेच महत्त्वाचे ठिकाण कथनाचे आहे. आज्ञा किंवा वचन यांत ‘तत्काळ’ची कसोटी लागते, उशीर झाला तर तो दिसतो. गोष्टीत ती लागत नाही. ‘तो घरात गेला आणि तत्क्षणी बाहेर आला’ या वाक्यात मध्ये किती वेळ गेला हे मोजणारे कोणी नसते. शब्दाचे काम एक घटना दुसरीला जोडण्याचे असते. असा जोडकामाला लागलेला शब्द हळूहळू ‘त्यानंतर’ एवढाच अर्थ धरून राहतो. सतराव्या आणि अठराव्या शतकांत इंग्रजीत कथनात्मक गद्य वाढत गेले, आणि त्याच काळात ‘प्रेझेंटली’ ‘थोड्या वेळाने’ या अर्थात स्थिरावला, हा मला केवळ योगायोग वाटत नाही. मराठी बखरी आणि पुढची कादंबरी या दृष्टीने वाचून ‘लगेच’, ‘तत्काळ’, ‘इतक्यात’ या शब्दांची अशी तपासणी कोणी करील तर मला ती वाचावयास आवडेल. ‘इतक्यात’ने तर कथनात केवळ वेळ न सांगता अडथळा सांगण्याचे काम पत्करले आहे : इतक्यात दार वाजले.

या घसरणीची सर्वांत स्पष्ट किंमत बायबलच्या १६११ च्या अधिकृत इंग्रजी भाषांतरात दिसते. मत्तयाच्या शुभवर्तमानात अंजिराचे झाड वाळते ते ‘प्रेझेंटली’. ग्रीक मुळात ‘तत्क्षणी’ आहे, आणि शिष्यांचे आश्चर्य त्या तत्क्षणीपणाबद्दल आहे; झाड यथावकाश वाळले असते तर आश्चर्य कशाचे? मार्काच्या शुभवर्तमानात हेरोदियेची मुलगी योहानाचे शिर तबकात घालून मागते ते ‘बाय अँड बाय’, म्हणजे आत्ताच्या आत्ता. राजाला विचार बदलावयास वेळ मिळू नये, ही त्या मागणीतली निर्दय घाई आहे. लूकच्या एकविसाव्या अध्यायात तर अर्थ उलटाच होतो. युद्धांच्या वार्ता ऐकू येतील, परंतु शेवट ‘बाय अँड बाय’ होणार नाही, असे तेथे म्हटले आहे. अभिप्राय असा, की शेवट ताबडतोब येणार नाही, धीर धरा. आजचा वाचक त्याचा अर्थ शेवट पुढेमागे येणार नाही, असा घेऊ शकतो. १८८१ च्या सुधारित इंग्रजी आवृत्तीने या तिन्ही जागा बदलल्या. पंडिता रमाबाईंनी मराठी बायबलासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकण्याचे कष्ट घेतले. १९२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, ते भाषांतर प्रसिद्ध झाले. मुळाकडे जाणाऱ्याला मधल्या भाषेच्या इतिहासाचा हा खड्डा लागत नाही. परंतु आपल्याकडे युरोपीय साहित्याचे बहुतेक व्यवहार इंग्रजीच्या मध्यस्थीने होतात. रशियन, ग्रीक, स्पॅनिश या भाषांतील ग्रंथ आपण ज्या इंग्रजी भाषांतरांतून घेतो त्यांपैकी कित्येक शंभर वर्षांपूर्वीची आहेत. मध्यस्थाची भाषा कोणत्या सालची आहे, हा प्रश्न आपण विचारतो काय?

आता माझ्या स्वतःच्या चुकीकडे येते. ‘प्रेझेंटली’चा ‘सध्या’ हा जुना अर्थ सतराव्या शतकानंतर इंग्लंडच्या ग्रांथिक भाषेतून मागे पडला. परंतु प्रादेशिक बोलींत आणि स्कॉटलंडमध्ये तो जिवंत राहिला. विसाव्या शतकात तो अमेरिकेत आणि मग इतरत्र पुन्हा वर आला. भारतीय कार्यालयीन इंग्रजीत तर त्याचेच राज्य आहे. ‘प्रकरण सध्या विचाराधीन आहे’ हे वाक्य या शब्दावाचून क्वचितच लिहिले जाते. जॉन विल्सन १८२९ साली मुंबईला आले, अलेक्झांडर डफ १८३० साली कलकत्त्याला. दोघेही स्कॉटिश, आणि इंग्रजी शिक्षणाच्या पायाभरणीत दोघांचाही मोठा वाटा. आपल्या इंग्रजीतला हा ‘सध्या’ अशा अध्यापकांच्या तोंडून आला असावा असा तर्क करण्याचा मोह मला होतो. तो तर्कच आहे.

पण शैलीच्या मार्गदर्शक पुस्तकांना हा अर्थ रुचलेला नाही. स्ट्रंक आणि व्हाइट यांचे पुस्तक दोन्ही अर्थ मान्य करून, संदिग्धता टाळण्यासाठी ‘थोड्या वेळात’ एवढाच वापरावा असे सुचवते. मी अधिव्याख्याता होते तेव्हा माझा एक निबंध एका नियतकालिकाकडून परत आला. त्यात ‘प्रेझेंटली’खाली लाल रेघ होती आणि समासात ‘भारतीय चूक’ असा शेरा होता. मी शेरा मुकाट्याने मान्य केला. इतकेच नव्हे, तर पुढे दहाबारा वर्षे विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत तीच रेघ मी स्वतः मारीत आले. ज्या अर्थाला इंग्रजीत पाच शतकांचा आधार आहे, जो जॉन्सनने पहिला नोंदवला, त्याला मी आमच्या मुलामुलींचे अज्ञान म्हणत होते. संदिग्धतेचा आक्षेप मला आजही मान्य आहे. प्रबंधात हा शब्द टाळलेला बरा, असे मी आजही सांगते. पण संदिग्ध म्हणणे वेगळे आणि चूक म्हणणे वेगळे. पहिल्यात शब्दाविषयी बोलणे आहे, दुसऱ्यात लिहिणाऱ्याच्या जन्मस्थानाविषयी.

यावर माझे एक सहकारी म्हणतात की संदर्भावरून अर्थ कळतोच; इतका कीस काढण्याचे कारण नाही. संदर्भावरून अर्थ कळतो हे खरे, परंतु शंका आली तरच वाचक संदर्भाकडे वळतो. एरिअलच्या प्रश्नाशी आमच्या वर्गातल्या एकालाही शंका आली नाही, कारण ‘लवकरच?’ हेही वाक्य उभे राहते. पूर्ण निरर्थक झालेले भाषांतर कोणीतरी दुरुस्त करतो. थोडे चुकलेले भाषांतर पिढ्यान् पिढ्या छापले जाते. म्हणून भारतीय विद्यापीठांसाठी निघणाऱ्या शेक्सपिअरच्या पाठ्य आवृत्त्यांत दुर्मिळ शब्दांच्या टिपा कमी करून अशा ओळखीच्या शब्दांच्या टिपा वाढवाव्यात, असे माझे मत आहे. इंग्रजी-मराठी, इंग्रजी-तमिळ, इंग्रजी-ओडिया कोशांत अर्थापुढे शतकाचा आकडा असावा. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाने दाखल्यांसह हे काम इंग्रजीपुरते १८८४ ते १९२८ या काळात भाग काढीत पुरे केले. आपण त्यातला अर्थ उचलतो आणि साल तेथेच ठेवून येतो.

‘आता’ हा शब्द मात्र अशा घसरणीला पुरून उरतो असे वाटते. पसायदानाचा पहिला शब्द ‘आता’ आहे आणि तो कोणत्याही सूचीवाचून कळतो. इंग्रजीचा ‘नाऊ’ही हजार वर्षे जागेवर आहे. तथापि त्याचाच संस्कृत नातलग ‘नूनम्’ ऋग्वेदात ‘आता’ होता आणि अभिजात संस्कृतात ‘खात्रीने’ झाला, हे आठवले की फार निश्चिंत राहवत नाही.

वर्गात त्या एका शब्दावर पुढचे दोन तास गेले. हिंदीच्या विद्यार्थ्याने ‘अभी?’ लिहिले आणि तो सुटला; त्याच्या भाषेने त्याला एक तयार शब्द दिला होता, ज्यात घाई आणि दिरंगाई दोन्ही मावतात. मराठीच्या दोघींत वाद झाला. एकीचे म्हणणे, ‘तत्क्षणी?’ हवे, कारण नाटक जुने आहे. दुसरीला ‘आत्ताच्या आत्ता?’ हवे होते, कारण एरिअल हा बोलतो, लिहीत नाही. मी दुसरीच्या बाजूने होते. पहिलीने मला विचारले की ‘आत्ताच्या आत्ता’मध्ये दोनदा ‘आत्ता’ का म्हणावे लागते. एकदा म्हटलेले आता पुरत नाही म्हणून, असे उत्तर तिनेच दिले, आणि आपल्या वहीत ‘तत्क्षणी’ तसेच ठेवले.